उजव्या कोपऱ्यातलं नाव

"गेलं! जगात गेलं!" असं ओरडून एकनाथराव बिराजदारांनी टाळी वाजवली, आणि कोपर लागून शेजारचा चहा की-बोर्डाच्या दिशेनं निघाला. तो त्यांनी लुंगीच्या सोग्यानं अडवला. पद्मावतीबाई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काय गेलं? लाईट गेली का?"

"नकाशा गेला, नकाशा! माझा. आता अमेरिकेत बघतील, जपानात बघतील."

"बघू द्या. लुंगी बदला आधी," म्हणून पद्मावतीबाई परत कणकेकडे वळल्या. जपानच्या लोकांबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं.

एकनाथराव सत्तरीचे. पस्तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले. पूल काढले, फाटकं काढली, प्लॅटफॉर्म किती काढले त्याची गणती नाही. पण रीत अशी, की नकाशा काढायचा एकनाथरावांनी आणि उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत मोठ्या ठसठशीत अक्षरांत नाव लिहायचं साहेबांचं. त्याच्या खाली, भिंग लावून शोधावं अशा अक्षरांत, 'ए. बि.'. त्यातली बावीस वर्षं साहेब म्हणजे हिम्मतराव वडजे. चौकटीतलं नावही एकनाथरावांनीच लिहायचं, साहेब नुसती सही ठोकणार. पुढं कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग बोर्ड गोदामात गेले, हिम्मतराव निवृत्त झाले, मग एकनाथरावही झाले. पण एक खुटखुट राहिलीच. आयुष्यात एक तरी नकाशा असा व्हावा, की कोपऱ्यात आपलं स्वतःचं नाव असेल, आख्खं, आडनावासकट.

निवृत्त माणूस घरात दिवसभर स्विचबोर्ड दुरुस्त करत बसला की घरच्यांचं जे होतं तेच हैदराबादेत, तारनाक्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये व्हायला लागलं, तेव्हा मुलगा ओमकारनं वडलांना आपल्या कॉम्प्युटरवर एक गेम काढून दिला. शहर वसवण्याचा. रस्ते टाका, पाणी आणा, रूळ अंथरा, लोक आपोआप राहायला येतात. पहिल्या आठवड्यात एकनाथरावांनी गटाराचं तोंड पाण्याच्या विहिरीशेजारी काढून आख्खं गाव आजारी पाडलं. पण माणूस जिद्दीचा. तीन महिन्यांत त्यांनी 'तारनाका जंक्शन' उभं केलं. फाटकाच्या जागी भुयारी रस्ता केला, तोही असा, की बस खालून आणि गाडी वरून, कुणीच कुणासाठी थांबत नाही. आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला त्यांनी एक झाड लावलं.

ह्या झाडाची वेगळी गोष्ट आहे. एकनाथराव उदगीरकडचे. त्यांच्या गावच्या स्टेशनवर प्लॅटफॉर्मच्या टोकाला चिंच होती, आणि लहानपणी तिच्याखाली बसून ते गाड्यांचे डबे मोजायचे. तेव्हापासून त्यांच्या हातून स्टेशन निघालं की टोकाला चिंच निघायचीच. हिम्मतराव ती दरवेळी लाल पेन्सिलीनं खोडायचे. "एकनाथ, जागेवर झाड नाही. नकाशात कुठून आलं? झाडाला रेल्वे पगार देते का?" असं बावीस वर्षं चाललं. गेममध्ये चिंच नव्हती, पण एक परदेशी झाड लांबून चिंचेसारखं दिसायचं. खोडायला कुणी नव्हतं. एकनाथरावांनी चांगलं डेरेदार लावलं.

आता ह्या गेमला लोकांनी आपल्या हौसेनं एक जोड केलेली होती. तिला म्हणतात मॉड. आपल्या शहराचा फोटो काढायचा, शहराचं नाव लिहायचं, करणाऱ्याचं नाव लिहायचं आणि पाठवून द्यायचं. मग जगात कुठंही कुणी तो गेम उघडला की पहिल्याच पडद्यावर कधी ह्याचं शहर दिसतं, कधी त्याचं, आणि उजव्या कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव. आवडलं तर बघणारा बदामाचं बटण दाबतो. ओमकारनं हे सांगितलं तेव्हा एकनाथरावांना बाकी काही ऐकूच आलं नाही. "उजव्या कोपऱ्यात?" एवढंच त्यांनी तीनदा विचारलं.

तर त्या गुरुवारी सकाळी ओमकार ऑफिसला गेल्यावर त्यांनी आंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि संध्याकाळच्या उजेडातल्या स्टेशनचा फोटो पाठवला. आणि चहा सांडला.

संध्याकाळी ओमकार आला, शूज काढता काढता त्यानं गेम उघडला आणि बघतच राहिला.

"बाबा, तीनशे लोकांनी बदाम दाबलाय! एका दिवसात!"

"मग! म्हटलं नव्हतं मी?"

"हौ बाबा, पण हे हिम्मतराव वडजे कोण?"

एकनाथराव हसत हसत उठले आणि पडद्यापाशी येऊन तसेच उभे राहिले. कोपऱ्यात स्वच्छ, ठसठशीत इंग्रजी अक्षरं होती: हिम्मतराव वडजे, हैदराबाद. उजव्या कोपऱ्यात चौकट दिसली, बोटांनी बावीस वर्षांची सवय पाळली, आणि मालकाला विचारलंसुद्धा नाही. ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, तीच त्यांनी आपल्या हातानं साहेबाला देऊन टाकली होती.

"खोड ते! आत्ताच्या आत्ता खोड!"

ओमकारनं दोन ठिकाणी दाबून बघितलं. "एकदा दिलेलं नाव तीस दिवस बदलता येत नाही म्हणतंय. उगाच कुणी नावं बदलून दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवू नये म्हणून."

"वा रे न्याय! मी माझंच माझं म्हणायचं, तर तीस दिवस?"

"मग फोटोच काढून टाकू या. नवा टाकू."

"खबरदार!" एकनाथराव मॉनिटरच्या आडवे आले. "तीनशे लोकांनी बघितलाय तो. असा कसा काढायचा?"

"मग लाइट लो, बाबा, मनावर घेऊ नका. महिनाच तर आहे. कुणाला कळतंय?"

बाकी काहीही म्हणावं माणसानं, पण 'कुणाला कळतंय' असं म्हणू नये. गौलीगुड्याच्या मराठी मंडळाचे चिटणीस सुधीरराव. त्यांची मुलगी तेजश्री शिकायला जर्मनीत. तिनं रविवारी गेम उघडला, तर समोर तारनाका! तिनं फोटो बाबांना पाठवला आणि बाबांनी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपले ज्येष्ठ सभासद मा. हिम्मतराव वडजे यांनी आखलेले शहर जर्मनीत गाजत आहे. मराठी माणसाचा झेंडा!' दुपारपर्यंत बासष्ट लोकांनी हात जोडले आणि एकानं चुकून श्रद्धांजलीचं फूल टाकलं.

एकनाथरावांनी चष्मा लावला आणि एका बोटानं लिहिलं, 'सदर नकाशा माझा आहे. चुकून साहेबांचे नाव पडले.'

पाचच मिनिटांत सुधीररावांचा फोन आला. "काका, रागावू नका, पण हे शोभतंय का? त्या माणसानं तुम्हाला हाताला धरून शिकवलं. आता त्यांचं चार लोकांत नाव होतंय, तर तुम्ही…"

"अहो, मी काढलाय तो! माझ्या घरी, माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरवर!"

"मग नाव त्यांचं कसं?"

"मीच लिहिलं."

"का?"

"सवयीनं."

मग सुधीरराव फार गोड आवाजात म्हणाले, "काका, बीपीची गोळी चालू आहे ना?" आणि पुढं म्हणाले, "येत्या रविवारी पाच वाजता साहेबांचा सत्कार ठेवलाय. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. हाताखालचा माणूस म्हणून दोन शब्दही बोला."

हाताखालचा माणूस! एकनाथरावांनी फोन ठेवला आणि ठरवलं, की आता पुराव्यानिशीच बोलायचं. हिम्मतरावांच्या घरी जायचं, त्यांच्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचा आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आख्खं शहर फिरवून दाखवायचं. म्हणजे झालं. ओमकारनं जोडणी कागदावर काढून दिली, आणि दुसऱ्या दिवशी एकनाथरावांनी तो अवजड सीपीयू जुन्या चादरीत बांधला आणि खांद्यावर घेतला.

"अवो, कुठं निघालाव हे गाठोडं घेऊन? लोक म्हणतील बायकोनं घराबाहेर काढलं," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"दिलसुखनगरला."

"एक फोन करा की."

"केला. तीनदा केला. दरवेळी 'शुभेच्छा पोचल्या' म्हणतात आणि ठेवतात."

रिक्षावाल्यानं चादरीकडे बघून विचारलं, "चचा, इसमें क्या है? फटेगा तो नै ना?"

"फटनेवाला मैं हूँ. तुम चलो," एकनाथराव म्हणाले.

दिलसुखनगरला हिम्मतरावांच्या हॉलमध्ये सत्काराआधीच चार माणसं पेढे खात बसली होती. एकोणऐंशी वर्षांचे हिम्मतराव आरामखुर्चीत, खिशाला नेहमीप्रमाणे लाल पेन्सिलीचं थोटूक.

"ये, एकनाथ! बघितलंस ना? जर्मनीपर्यंत गेलं आपलं नाव."

त्या 'आपलं'नं एकनाथरावांचा जीव जळला. "साहेब, तुम्ही तो नकाशा नीट बघितलाय का?"

"मोबाइलमध्ये काय दिसतंय? मोतीबिंदू झालाय. नाव मोठं होतं, ते तेवढं दिसलं. असेल कुठला तरी आपल्या वेळचा. हजारोंनी सह्या केल्या, कोणकोणता लक्षात ठेवू?"

"आता मोठ्ठा दाखवतो. पाचच मिनिटं." एकनाथरावांनी गाठोडं सोडलं, सीपीयू टीव्हीपाशी ठेवला, टीव्हीची वायर खोचली, माउस लावला. मग त्यांनी चादर झटकली. मग पिशवी उलटी केली. मग शर्टाचे खिसे तपासले, जणू खिशात मावणार होती. भिंतीत खोचायची वायर तारनाक्याला टेबलामागं राहिली होती.

"काय शोधतोस?" हिम्मतरावांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. पेढा कुठाय ते बघत होतो."

पेढा खाऊन, सीपीयू पुन्हा चादरीत बांधून एकनाथराव घरी आले. रिक्षावाला दुसरा होता, पण प्रश्न तोच. त्या दिवशी बदाम अकराशे झाले होते. दर बदामागणिक हिम्मतराव मोठे होत होते आणि एकनाथराव जेवण कमी करत होते.

"सोडून द्या आता," पद्मावतीबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या. "आपल्याला म्हाईत हाय ना कुणी काढलं ते?"

"मला आधीपासूनच माहीत होतं गं. पस्तीस वर्षं मलाच माहीत होतं. दुसऱ्या कुणाला कधी कळणार?"

पद्मावतीबाईंनी भातावर तूप जरा जास्तच वाढलं. रविवारी त्यांनी स्वतःहून इस्त्रीचा शर्ट काढून दिला. "जावा. सांगून या सगळ्यास्नी. मीबी येते. पण आरडाओरडा करायचा न्हाई."

एकनाथरावांनी भाषण लिहून काढलं होतं, दोन्ही बाजूंनी. 'मी हे अत्यंत नम्रपणे परंतु ठामपणे सांगू इच्छितो' इथपासून सुरुवात होती. सुधीररावांनी प्रास्ताविक केलं, त्यात झेंडा सहा वेळा आला. हिम्मतरावांच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. मग दिवे मंद झाले आणि मोठ्या पडद्यावर तारनाका जंक्शन आलं.

मागच्या रांगेतल्यांनी माना उंच केल्या. ते दिसतच होतं तसं. ना उंच इमारती, ना लखलखाट. कलता उजेड, भुयारी रस्त्यातून बाहेर येणारी एक बस, वरून निघालेली गाडी, आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला ते झाड. एकनाथरावांनी खिशातला कागद काढला. आता उठायचंच, म्हणून त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

पण त्यांच्याआधी हिम्मतराव उठले. शाल सावरत ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, नाक टेकेल इतके जवळ, आणि हात आपोआप खिशाकडे गेला. लाल पेन्सिल बाहेर आली.

"साहेब, साहेब! पडदा मंडळाचा आहे!" सुधीरराव ओरडले.

हिम्मतरावांनी लक्षच दिलं नाही. "फायर स्टेशनला रस्ताच नाही," ते म्हणाले. "आग लागली तर बंब काय उडत जाणार? भुयारी रस्ता बरा आहे. उतार बरोबर." पेन्सिल प्लॅटफॉर्मवरून सरकत सरकत टोकाला गेली आणि थांबली. सगळ्यांना वाटलं, साहेबांना चक्कर आली. आणि मग तो जुना, ड्रॉइंग ऑफिसातला आवाज आख्ख्या सभागृहात घुमला.

"हे झाड कुणी काढलं?"

पहिल्या रांगेतले एकनाथराव ताडकन उभे राहिले. "मी, साहेब! खोडतो, साहेब!"

भाषण कुठल्या कुठं गेलं. कागद खुर्चीखाली पडला. मंडळाचे दोनशे सभासद एकदा ह्यांच्याकडे बघत होते, एकदा त्यांच्याकडे.

हिम्मतराव सावकाश वळले. "ऐकलंत? बावीस वर्षं मी ह्या माणसाची ही चिंच खोडली. दरवेळी 'खोडतो, साहेब' म्हणायचा आणि पुढच्या स्टेशनला परत काढायचा. माझ्या एकाही नकाशात झाड नाही. ज्यात झाड आहे, तो माझा नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू का? मी एकही काढला नाही. मला सरळ रेघ आजही येत नाही. ह्यानं काढायचे, मी सही करायचो. माझी पेन्शनसुद्धा ह्याच्या रेघांवर चाललीय. हे गाव एकनाथ बिराजदारचं आहे."

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा एकनाथरावांना चष्म्यातून काहीच दिसेना. मागून पद्मावतीबाई मोठ्यानं नाक पुसत होत्या. सुधीररावांनी माइक धरून "म्हणजे झेंडा काकांचा…" एवढंच म्हटलं. हिम्मतरावांनी एकनाथरावांना वर बोलावलं, नारळ त्यांच्या हातात दिला आणि कानाशी म्हणाले, "शाल मी ठेवतो. इथं एसी फार आहे."

तीस दिवस भरले त्या सकाळी ओमकारनं नावाची चौकट उघडून दिली. एकनाथरावांनी बोटं मोडली आणि की-बोर्डावर ठेवली. मागं पद्मावतीबाई पहाऱ्याला उभ्या होत्या. बोट आपलं 'एच'कडे निघालंच.

"अवो, तिकडं न्हाई! एकनाथ! एकनाथ लिहा!"

बोट थांबलं. ओमकारनंही वळून बघितलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पद्मावतीबाईंनी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं ते हे पहिल्यांदा. त्या लाजून आत निघून गेल्या, पण चौकटीत नाव पूर्ण झालं, आडनावासकट. जुन्या फोटोवरचं बदललं. दुरुस्त केलेल्या शहराचा नवा फोटोही तयार होता. आता नुसतं पाठवायचं होतं.

एकनाथराव उठले आणि चादर शोधायला लागले.

"बाबा, कैकू? आता कुणाची परवानगी लागत नाही!"

"कळतं मला. वायर काढ ती टेबलामागची."

दिलसुखनगरला टीव्हीवर तारनाका जंक्शन उघडलं. हिम्मतरावांनी वीस मिनिटं ते गल्लीगल्लीनं तपासलं. लाल पेन्सिल हातात, मान पुढं.

"फायर स्टेशनला रस्ता दिलास."

"हौ, साहेब."

"कोपऱ्यात नाव नीट आलंय. अक्षर जरा मोठं चाललं असतं." त्यांनी रुळांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. "ठीक आहे. पाठव."

एकनाथरावांना राहवेना. त्यांनीच बोट पडद्याकडे नेलं. "आणि साहेब… ते झाड?"

हिम्मतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं दोन्ही काचा नीट पुसल्या आणि परत डोळ्यांवर चढवला. चिंच टीव्हीच्या बरोबर मध्यावर होती, चांगली हातभर. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत बघितली आणि पेन्सिल खिशात ठेवून दिली.

"कुठलं झाड?" ते म्हणाले. "मला तर काही दिसत नाही."